साऱ्या गावाने पाहिलेले लग्न



सात-बाराचा उतारा कसा वाचावा, हे आपण मागच्या धड्यात शिकलो. जमीन आपलीच असते. बापजाद्यांनी ती कसलेली असते. तरी कचेरीत उतारा दाखवावा लागतो. तसेच लग्नाचेही आहे. आजचा धडा लग्नाच्या कागदांचा आहे.

तुम्ही म्हणाल, लग्नाला कागद कशाला? अग्नी साक्षीला असतो, गाव साक्षीला असतो. खरे आहे. आम्हीही असेच म्हणत होतो. पण तुमच्यापैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी अंधेरी, बोरिवली, मुलुंड नाही तर घाटकोपरला राहते. तिथली पोरे आता आखातात जातात, विलायतेला जातात, कॅनडात जातात. लग्नापुरती गावी येतात. महिनाभराने परत जातात. बायको मागे राहते. तिला न्यायचे तर त्या देशाची परवानगी लागते. या परवानगीला व्हिसा म्हणतात. ती मागताना पहिला प्रश्न येतो, तुमचे लग्न खरे कशावरून?

हा प्रश्न आमच्या शेजारच्या घरात आला. तीच हकिगत सांगतो.

१. नकाराचे पत्र

आम्ही मुलुंडला एका चाळीत राहतो. समोरच्या बिऱ्हाडातला बाप रिक्षा चालवतो. आई पहाटे उठून पोळ्या लाटते आणि डबे देते. त्यांची थोरली लेक आमच्या डोळ्यांदेखत वाढली. तिचे लग्न घाटकोपरच्या मुलाशी झाले. मुलगा परदेशात इस्पितळात नोकरीला आहे. लग्न वैशाखात, मुलीच्या गावी, रत्नागिरी जिल्ह्यात झाले. मांडवात आम्ही स्वतः अक्षता टाकल्या.

लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात घाटकोपरला नोंदणी झाली. मग जावई परत गेला. लेक सासरी राहिली. भाद्रपदात तिने व्हिसासाठी अर्ज केला. अर्ज भरताना तिच्या बापाने आम्हाला विचारले, "गुरुजी, काय काय जोडू?"

आम्ही म्हणालो, "नोंदणीचा दाखला जोडा, चार फोटो जोडा. बास झालं. साऱ्या गावानं पाहिलेलं लग्न आहे. आणखी पुरावा कशाला?"

माघात पत्र आले. अर्ज नामंजूर. कारणे तीन होती.

पहिले कारण : लग्नानंतर नवरा-बायकोचा एकमेकांशी संबंध राहिला, हे दाखवणारा एकही कागद नाही.

दुसरे कारण : मुलीचे नाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळे आहे.

तिसरे कारण : दोघांना फोनवर वेगवेगळे प्रश्न विचारले होते. पहिली भेट कुठे झाली, याचे उत्तर दोघांनी निरनिराळे दिले.

तेव्हा हा संसार खरा आहे, अशी खात्री पटत नाही, असे शेवटी लिहिले होते.

आईने पत्र ऐकले आणि लाटणे खाली ठेवले. म्हणाली, "चारशे पानं उठली लग्नात! आणि खरं नाही म्हणतात?"

लेक काही बोलली नाही. पण चाळ बोलू लागली. "नवऱ्यानं टाकली वाटतं," असे नळावर कानी येऊ लागले. मुलीने हळदीकुंकवाला जाणे सोडले. सासरच्यांनाही वाईट वाटले. लग्न खरे असून मुलगी खोटी ठरत होती. आणि सल्ला आमचा होता.

त्या रात्री आम्हाला आमची शाळा आठवली. बाप पोराचा हात धरून नाव घालायला येई. आम्ही जन्माचा दाखला मागत असू. तो म्हणे, "गुरुजी, पोरगं समोर उभं आहे. जन्माला आलंच की!" आम्ही म्हणत असू, "ते दिसतंय. पण जन्मलं कधी, हे कागद सांगेल." पूर्वी दाखला नसला की मास्तर १ जून अशी तारीख लिहून मोकळे होत. म्हणून आपल्याकडे इतकी माणसे १ जूनला जन्मलेली आहेत!

म्हणजे आम्ही आयुष्यभर दुसऱ्याकडे दाखला मागत आलो. आमच्या पाहण्यातल्या लग्नाचा दाखला कोणी मागितला, तेव्हा मात्र आम्हाला राग आला. तो अधिकारी मांडवात नव्हता. त्याने अक्षता टाकल्या नाहीत. त्याच्यापुढे फक्त कागद आहेत.

२. ही गोष्ट जुनीच आहे

परदेशी जाणाऱ्या बायकोला "तुझे लग्न दाखव" असे म्हणणे आजचे नाही. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट ऐका.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा पुष्कळ भारतीय माणसे राहत होती. बाई मरियम नावाची एक मुसलमान स्त्री आपल्या नवऱ्याकडे राहण्यासाठी भारतातून तिकडे गेली. तिला उतरू दिले नाही. प्रकरण न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताचे न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करायला मोकळीक आहे, त्या धर्माच्या रीतीने लागलेले लग्न तिथला कायदा मानत नाही, असा त्याचा अर्थ होता. त्यामुळे हिंदू, मुसलमान, पारशी या साऱ्यांची लग्ने तिथे संशयात आली. एका निकालाने हजारो घरांतल्या लग्नाच्या बायका कायद्यापुढे बायका राहिल्या नाहीत.

गांधीजी तेव्हा तिथेच होते. त्यांनी सत्याग्रह पुकारला. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा आणि आणखी तीन स्त्रिया परवान्याशिवाय सरहद्द ओलांडायला निघाल्या. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये तिकडे जाऊन आले होते. त्यांनी या लढ्यासाठी भारतात पैसा उभा केला. शेवटी १९१४ मध्ये तिथे नवा कायदा झाला. आपल्या रीतीने लागलेले, एका नवऱ्याचे एका बायकोशी झालेले लग्न त्या कायद्याने मानले.

लग्नाची रीत मानली गेली. पण संशय संपला नाही. ब्रिटनमध्ये पुढे एक नियम होता. लग्न खरे आहे एवढे दाखवून भागत नसे. देशात शिरण्यासाठीच मुख्यतः लग्न केलेले नाही, हेही दाखवावे लागे. आपल्याकडे लग्ने आईबाप जुळवतात. अशा लग्नांना हा नियम फार जाचक होता. जून १९९७ मध्ये तो काढून टाकला.

आज प्रश्न सरळ विचारतात. लग्न कायदेशीर झाले का? आणि संसार खरा आहे का? हे दोन प्रश्न आहेत. एकाच कागदाने दोन्हींचे उत्तर मिळत नाही. आमची चूक इथेच झाली.

३. दाखला काय सांगतो?

आधी पहिला प्रश्न घेऊ. लग्न झाले, हे दाखला सांगतो.

महाराष्ट्रात लग्नाच्या नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. लग्न झाल्यावर ९० दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. तीन साक्षीदार लागतात. लग्न लावणाऱ्याचीही सही लागते. गावात ग्रामपंचायतीत चौकशी करा. मुंबईत महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात जा. अंधेरी पश्चिमेला के-पश्चिम, बोरिवलीला आर-मध्य, घाटकोपरला एन आणि मुलुंडला टी अशी या विभागांची नावे आहेत. ९० दिवस उलटले तरी घाबरू नका. जादा शुल्क भरून नोंदणी होते. पण उशीर झाला की पुढे प्रश्न विचारले जातात.

१४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले की, कोणत्याही धर्माचे लग्न असो, नोंदणी सक्तीची करा. त्याच निकालात न्यायालयाने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. नोंदणी झाली म्हणून लग्न कायदेशीर ठरतेच असे नाही, पण पुरावा म्हणून नोंदीला मोठे मोल आहे.

आणखी एक निकाल लक्षात ठेवा. तो एप्रिल २०२४ मधला आहे. हल्ली काही मुले-मुली लग्न लावण्याआधीच नोंदणीचा दाखला काढून घेतात. परदेशाच्या व्हिसाची घाई, हे त्याचे एक कारण असते. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती मसीह यांनी सांगितले की, हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न विधीवाचून होत नाही. विधी झालाच नसेल तर नुसत्या दाखल्याने कोणी नवरा-बायको होत नाहीत. विधी नको असेल त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस देऊन सरकारी अधिकाऱ्यापुढे लग्न लागते.

तेव्हा आधी लग्न, मग नोंद. आणि विधीचे पुरावे जपा.

४. पत्र नीट वाचा

नकाराचे पत्र आले की घरात रडारड होते. पत्र कपाटात जाते. असे करू नका. पत्र घ्या, पेन्सील घ्या, आणि दोन गोष्टींखाली रेघ मारा.

पहिली गोष्ट मुदत. अपील म्हणजे वरच्या न्यायमंडळाकडे केलेली दाद. ती ठरलेल्या दिवसांतच मागता येते. ब्रिटनच्या जोडीदार व्हिसाचे अपील, अर्जदार त्या देशाबाहेर असेल तर, पत्र मिळाल्यापासून २८ दिवसांत करायचे असते. कॅनडात मुदत ३० दिवसांची आहे. तिथे अपील बायकोने करायचे नसते. बोलावणाऱ्या नवऱ्याने करायचे असते. बायको बोलावणारी असेल तर तिने करायचे. देशागणिक नियम वेगळे आहेत आणि ते बदलतात. म्हणून शेजाऱ्याचे ऐकू नका. पत्रात अपिलाचा हक्क, मुदत आणि पत्ता दिलेला असतो, तो पाहा.

दुसरी गोष्ट कारणे. जितकी कारणे, तितकी उत्तरे द्यायची. एकाचे उत्तर राहिले तर तेवढ्यावरही अपील जाऊ शकते. कधी कारण संसाराचे नसतेच. ब्रिटनमध्ये बोलावणाऱ्याची कमाई किती असावी हे ठरलेले असते. ही रक्कम एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला २९,००० पौंड झाली. तिथे कमी पडले असेल तर लग्नाचे फोटो दाखवून उपयोग नाही.

आणि किती पुरावा लागतो? वाण्याचा तराजू आठवा. एका पारड्यात "खरे", दुसऱ्यात "खोटे". खऱ्याचे पारडे खाली गेले पाहिजे. ब्रिटनच्या आणि कॅनडाच्या अपिलात एवढेच पाहतात. तिळाएवढीही शंका उरू नये, असे म्हणत नाहीत. पण त्या पारड्यात वजन आपणच टाकायचे असते. आधीच्या अर्जात राहून गेलेला पुरावा या अपिलात देता येतो.

५. घर धुंडाळले

आम्ही पत्र तीनदा वाचले. मग समोरच्या बिऱ्हाडात जाऊन बसलो. म्हणालो, "रडायचं नंतर. आधी ट्रंक काढा."

आईने ट्रंक उघडली. लग्नपत्रिका निघाली. मांडववाल्याची पावती निघाली. आचाऱ्याची चिठ्ठी निघाली. गावी जायला गाडी ठरवली होती, तिची पावती निघाली. आणि तळाशी, साडीच्या घडीत, आहेराची वही निघाली.

तुम्हाला ती वही ठाऊक आहे. मांडवाच्या कोपऱ्यात एक जण बसतो आणि लिहितो. कोणी किती दिले, कोणी भांडे दिले, कोणी साडी. पुढे त्यांच्या घरी कार्य निघाले की तसाच आहेर परत करायचा असतो. म्हणून वही ठेवतात. आईला ती वही पुरावा वाटलीच नव्हती. पण पाहा, दोनशे बारा नावे, गावांसकट, रकमांसकट, त्याच दिवशी लिहिलेली! कोणी खोट्या लग्नासाठी असली वही लिहीत नाही. वहीत एकशे एक रुपयांपुढे आमचेही नाव होते.

मग लग्नानंतरचे कागद शोधले. लेक म्हणाली, "गुरुजी, आमच्याकडं कागद कुठले? आम्ही नुसतं फोनवर बोलतो." आम्ही म्हणालो, "तेच दाखव."

तिला लाज वाटली. खासगी बोलणे परक्याने का वाचावे? तिचे बरोबर होते. नवरा-बायकोच्या नाजूक गोष्टी कोणाला दाखवू नयेत. तशी गरजही नसते. दर महिन्यातले दोन-चार साधे निरोप पुरतात. "आईचं औषध आणलं का?" "पगार झाला, पैसे टाकले." "आज डबा जळला." संसार असल्या बोलण्यातच दिसतो. आम्ही तारीख दिसेल असे कागद काढून घेतले. रोजच्या फोनची यादी काढली. हजार पाने पाठवली नाहीत. न्यायाधीशालाही दोनच डोळे असतात.

पुढे हे कागद मिळाले :

पैसे. जावई दर महिन्याला बायकोच्या खात्यात पैसे टाकत होता. बँकेचे पासबुक होते. त्याच्या विम्यात वारस म्हणून बायकोचे नाव लागले होते.

भेट. दिवाळसणाला जावई आला होता. विमानाचे तिकीट आणि पासपोर्टवरचे शिक्के होते. अर्ज आधीच गेला होता, म्हणून हे कागद त्यात नव्हते.

एकत्र राहणे. मुलगी सासरी राहत होती. घाटकोपरच्या डॉक्टरच्या कागदावर तिचे सासरचे नाव आणि पत्ता होता. सासूने आणि शेजारणीने लिहून दिले.

सणवार. पहिली मंगळागौर, दिवाळसण, आणि संक्रांतीला काळ्या साडीवर घातलेले हलव्याचे दागिने. हे सण नव्या लग्नाचेच असतात. पण परक्या माणसाला ते कसे कळणार? म्हणून प्रत्येक फोटोमागे लिहिले, तारीख, जागा, फोटोत कोण, आणि या सणाचा अर्थ काय.

ऑस्ट्रेलियाच्या नियमात या गोष्टींचे चार भाग करून ठेवले आहेत. दोघांचा पैसा, दोघांचे घर, चारचौघांत त्यांना कसे ओळखतात, आणि एकमेकांशी बांधिलकी. देश कोणताही असो, हे चार कप्पे लक्षात ठेवले की कागद लावायला सोपे जाते.

आम्हीही साक्षीचे पत्र लिहिले. पहिला कागद फाडला. त्यात आम्ही लिहिले होते, "मुलगी सुस्वभावी व घराणे खानदानी आहे." अधिकाऱ्याने स्वभाव विचारलाच नव्हता. दुसऱ्या कागदावर लिहिले, "मी अमुक तारखेला लग्नाला हजर होतो. दिवाळीत जावई मुलुंडला आला, तेव्हा दोघे माझ्या घरी फराळाला आले." साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. खाली नाव, पत्ता, सही, तारीख घालावी, आणि आपल्या ओळखपत्राची प्रत जोडावी.

मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतर करणाऱ्याचे नाव, सही आणि तारीख त्यावर असावी. वहीची सगळी पाने आम्ही भाषांतराला दिली नाहीत. दोनच दिली. पैसा झाडाला लागत नाही.

६. एक मुलगी, तीन नावे

आता दुसरे कारण. पासपोर्टवर मुलीचे माहेरचे नाव होते. पत्रिकेवर घरातले लाडाचे नाव छापले होते. आणि लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले होते. सासरी तेच चालू झाले. बँकेतही तेच गेले.

आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. परक्या अधिकाऱ्याला मात्र तीन बायका दिसल्या.

यावर उपाय काय? ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र केले. तांदळात नाव लिहिण्याची चाल काय असते, हे त्यात चार ओळींत सांगितले. तो फोटोही जोडला. कायमचे नाव बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून घेता येते. आणि हेही ऐका. लग्नानंतर बाईने नाव बदललेच पाहिजे, असा कायदा नाही. बदलायचे तर सगळीकडे बदला. नाही तर कुठेच बदलू नका. पत्रिकेवर तरी पासपोर्टातले नाव छापा. लाडाचे नाव घरात हाक मारायला ठेवा.

७. दोन उत्तरे, दोन्ही खरी

तिसरे कारण पहिल्या भेटीचे. जावई म्हणाला होता, "घाटकोपरला." लेक म्हणाली होती, "दादरला." कोण खोटे बोलले?

कोणीच नाही. बघण्याचा कार्यक्रम घाटकोपरला मुलीच्या मावशीकडे झाला. चौदा माणसे होती. मुलीने पोह्यांच्या बशा फिरवल्या आणि मान खाली घालून बसली. पुढच्या रविवारी दोघे दादरला शिवाजी पार्कात भेटली आणि तासभर बोलली. मुलगी आम्हाला म्हणाली, "पोहे दिले ती काय भेट झाली?" तिचेही खरे, त्याचेही खरे.

पण आपली रीत न सांगता ते कळत नाही. म्हणून दोघांनी आपापले निवेदन लिहिले. स्थळ कोणी आणले. पत्रिका कधी जुळली. साखरपुडा कधी झाला. लग्नाआधी किती वेळा भेटलो. लग्नानंतर लगेच दूर का राहावे लागले. सगळे तारखेवार लिहिले. निवेदन आपल्याच शब्दांत लिहावे. एकाने दुसऱ्याचे उतरवून काढू नये. आणि तारीख आठवत नसेल तर "आठवत नाही" असे लिहावे. ठोकून देऊ नये.

८. हे करू नका

या कामात दलाल भेटतात. आम्हालाही एक भेटला. म्हणाला, "दोघांचे हॉटेलातले बिल बनवून देतो. जुन्या तारखेचे." मुलीच्या बापाचा जीव टांगणीला लागला होता. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "लग्न खरं आहे माझ्या पोरीचं. त्याला खोटं बिल कशाला लावू?"

आम्ही चाळीस वर्षे शिकवले, पण इतके नेमके वाक्य आम्हाला कधी सुचले नाही. एक खोटा कागद सापडला की बाकीच्या खऱ्या कागदांवरचा विश्वासही जातो. कॅनडात खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षे दार बंद होते. सल्ला हवा तर परवाना असलेल्या माणसाचाच घ्या. ब्रिटनमध्ये आणि कॅनडात अशा सल्लागारांची नोंद असते, ती पाहता येते. कोऱ्या कागदावर सही करू नका. मूळ कागद कोणाकडे ठेवू नका. पैसे दिले की पावती घ्या.

आणखी एक सांगतो. अपील हे खऱ्या संसारासाठी आहे. मुलगा फोन करत नाही, पत्ता सांगत नाही, पैसे मात्र मागतो, असे असेल तर आधी अपील नको. आधी घरच्यांनी मुलीजवळ बसून तिला विचारावे. कागद धुंडाळताना कधी कधी हेही कळते, की जपायला काहीच नव्हते.

९. निकाल

अपील कार्तिकात चालले. तिकडे नवरा न्यायाधीशापुढे उभा राहिला. इकडे लेकीने लिहून दिलेले निवेदन पुढे होते. न्यायाधीशाने सासूविषयी विचारले. जावई म्हणाला, "त्या पहाटे चारला उठतात. दीडशे पोळ्या लाटतात. माझी बायको कणीक मळून द्यायची. आता ती सासरी, म्हणून त्यांना उशीर होतो." हे कोणी पढवलेले नव्हते.

काही आठवड्यांनी निकाल आला. अपील मंजूर झाले. माघात मुलगी गेली. नवरा प्रथम परत गेला तेव्हापासून वीस महिने झाले होते. वीस महिन्यांतले बरेचसे आमच्या एका वाक्यामुळे गेले. "साऱ्या गावानं पाहिलेलं लग्न आहे." गावाने पाहिले होते, पण गाव कचेरीत गेले नव्हते. जे गेले ते आहेराच्या वहीत बसून गेले.

निघताना मुलगी पाया पडली. आम्ही तिला एक कोरी वही दिली. म्हणालो, "यात पावत्या चिकटव." ती हसली. आईने मात्र ट्रंकेतल्या वहीतून आमचे नाव काढून पाहिले, आणि म्हणाली, "गुरुजी, तुमच्या नातवाच्या लग्नात हा आहेर परत करायचा आहे. तोवर वही जपते."

म्हणून बंधुभगिनींनो, खरे असणे पुरेसे नाही. खरे दाखवताही आले पाहिजे. खरा संसार रोज खुणा ठेवत जातो. पावती, तिकीट, फोटो, निरोप. त्या नव्याने बनवायच्या नसतात. फक्त फेकायच्या नसतात. तुम्हाला आता वाचता येते. घरातला कोणता कागद काय बोलतो, हे तुम्हीच वाचून पाहा.

नवे शब्द

व्हिसा : परक्या देशात जाण्याची परवानगी.
अपील : निर्णयाविरुद्ध वरच्या ठिकाणी मागितलेली दाद.
मुदत : काम करण्यासाठी ठरवून दिलेले दिवस.
प्रतिज्ञापत्र : खरे सांगतो अशी शपथ घेऊन लिहिलेला कागद.
निवेदन : आपली हकिगत सांगणारे लिखाण.
राजपत्र : सरकार ज्यात आपल्या सूचना छापते ते पत्र.

प्रश्न

१. नकाराच्या पत्रात कोणती तीन कारणे होती?
२. नोंदणीचा दाखला काय सांगतो? काय सांगत नाही?
३. आहेराची वही चांगला पुरावा का ठरली?
४. साक्षीदाराने पत्रात काय लिहावे? काय लिहू नये?
५. तुमच्या घरातल्या शेवटच्या लग्नाचे कोणते कागद जपलेले आहेत? आज रात्री पेटी उघडून पाहा आणि त्यांची यादी आपल्या हाताने लिहा.